पेटीवरचे १९७३ आणि बंदुकीवरचे १९१७

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका मराठी कुटुंबाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाड्याच्या दुरुस्तीच्या वेळी मागच्या खोलीतून एक लांब लाकडी पेटी आणि तिच्यात गुंडाळून ठेवलेली एक रायफल निघाली. आजोबांच्या हयातीत दसऱ्याला तिची पूजा होत असे. पुढे ती प्रथा बंद पडली. पणजोबा तिसऱ्या ग्वाल्हेर इन्फन्ट्रीत होते आणि ही बंदूक त्यांनी पूर्व आफ्रिकेतून, टांगाच्या लढाईहून आणली, असे घरात सांगितले जाते. पेटीच्या झाकणावर मात्र देवनागरीत ‘नं. १२’ आणि ‘सं. १९७३’ असे रंगवलेले असल्यामुळे ती पेटी अगदी अलीकडची असावी, असे धाकट्या पिढीचे म्हणणे आहे. बंदुकीवर मुकुट, त्याखाली जी. आर., एनफिल्ड, १९१७ आणि ‘शॉर्ट एल. ई. थ्री स्टार’ असे ठसे आहेत. सोबत एक संगीनही आहे. या वस्तू कोणत्या, कधीच्या, संस्थानाच्या आहेत की नाहीत, आणि आता त्यांचे काय करावे, असे आपण विचारले आहे.

छायाचित्रे नीट घेतलेली असल्यामुळे बरेच निश्चितपणे सांगता येते. तरीही ओळखीच्या आधी दोन गोष्टी. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढून नळीच्या मागच्या तोंडात काडतूस अडकलेले नाही, याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्यावी आणि तोपर्यंत तिच्या चापाला कोणी हात लावू नये. आणि परवाना आजोबांच्या नावे होता की नाही हे घरात कोणालाच ठाऊक नसल्याने, ती गाडीत घालून कुणाला दाखवायला नेऊ नये. कायद्याविषयी पुढे लिहितो.

सर्वांत आधी पेटी, कारण तिच्याबाबतचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. ‘सं. १९७३’ हे इसवी सन नव्हे, विक्रम संवत आहे. ग्वाल्हेर संस्थानच्या कारभारात संवताचा वापर रूढ होता. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीतला तांब्याचा पाव आणा आपल्याकडे कुणाच्या देव्हाऱ्यात असेल तर पाहा, त्यावर १९७० असा आकडा दिसेल. तो १९१३ सालचा आहे. संवतातून ५७ वजा केले, आणि वर्षअखेरीच्या जानेवारी-मार्चसाठी ५६, की इसवी सन मिळते. म्हणजे आपल्या पेटीवर हा आकडा १९१६-१७ मध्ये रंगवला गेला. तो १९७३ सालचा असता तर त्यामागे संस्थानच नसते, कारण ते १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झाले होते. शकाचा विचार करण्याचीही गरज नाही, कारण शके १९७३ म्हणजे १९५१-५२ होते.

पण हा आकडा पेटी बनवल्याचा नव्हे, तर कोठीत मोजदाद होऊन तिला बारावा क्रमांक मिळाल्याचा आहे. पेटी त्याहून जुनी आहे, आणि याचा पुरावा आपण पाठवलेल्या, डाव्या बाजूच्या फळीच्या छायाचित्रात आहे. आपण जिला ‘सहा पाकळ्यांची चांदणी’ म्हणता ती नक्षी नव्हे. बारकाईने पाहिल्यास ती दोन बाणांची टोके एकमेकांना भिडवून तयार झाली आहे. एकच बाण, म्हणजे ज्याला ब्रॉड ॲरो म्हणतात ती खूण, ब्रिटिश सरकारची मालकी दाखवते. तोच बाण उलट दिशेने पुन्हा मारून दोन टोके जुळवली, की ती वस्तू सरकारी नोंदीतून काढून विकली वा दिली गेली असा अर्थ होतो. आपल्या पेटीवर वरचा बाण खोल आणि काठांवर झिजलेला आहे, तर खालचा उथळ आणि तिरका, म्हणजे दोन्ही एका हाताने, एका दिवशी मारलेले नाहीत. आधी ती ब्रिटिशांच्या भांडारात होती, नंतर रीतसर बाहेर पडली आणि मग संस्थानच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, बारावी ठरली.

पेटी कोणत्या हत्यारासाठी बनली होती, हे बाहेरच्या अक्षरांपेक्षा आतली लांबी अधिक विश्वासाने सांगते. आपण आतून ५१ इंच मोजली आहे. ठासणीची १८५३ ची एनफिल्ड सुमारे ५५ इंचांची असते, म्हणजे ती इथे बसतच नाही. मार्टिनी-हेन्री ४९ इंच आणि लांब ली-एनफिल्ड साडेएकोणपन्नास इंच असते. दोन्ही या पेटीत बरोबर मावतात. आपली १९१७ ची रायफल मात्र साडेचव्वेचाळीस इंचांची आहे. तिच्यासाठी ही पेटी असती, तर दोन्ही टोकांना मिळून सहा इंचांहून अधिक जागा मोकळी राहिली असती, आणि हत्यारांच्या पेटीत एवढी सैल जागा कोणी ठेवत नाही. वाटेत दृष्टी, म्हणजे नेम धरण्याचे भाग, वाकतात. आडव्या पट्ट्यांतल्या दहा खाचांचेही तेच आहे. त्या खोल आणि तळाला रुंद आहेत. मार्टिनीच्या चापामागे एक लांब दांडा असतो, तो खाली दाबून नळीचे मागचे तोंड उघडते आणि बंदूक पेटीत ठेवताना त्याला खाली जागा लागते. बोल्टच्या रायफलींना ती लागत नाही. म्हणून माझा कल मार्टिनी-हेन्रीकडे आहे. आतल्या पट्ट्या मुळच्या जागीच आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांच्या शेजारी जुन्या, भरलेल्या खिळ्यांची भोके आहेत का ते पाहावे. पेट्या अनेकदा दुसऱ्या हत्यारासाठी पट्ट्या सरकवून वापरल्या जात. आपल्या छायाचित्रांत तशी भोके दिसत नाहीत.

लाकूड, खिळे आणि स्क्रू यांच्यावरून काळ ठरवताना जरा जपून. तळ देवदारासारख्या हलक्या लाकडाचा आणि झाकण सागाचे, असे असेल तर झाकण इथे बदलले गेले, एवढेच समजावे. वाळवीने आधी तळ किंवा झाकण खाल्लेले असते आणि सुताराला सागवान जवळचे. चौकोनी दांड्याचे खिळे जुने, गोल तारेचे खिळे साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचे. कडीच्या पट्टीवर क्रॉस खाचेचे स्क्रू आहेत. ते १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरच बाजारात आले, म्हणजे ती पट्टी दुरुस्तीतली आहे. दोराच्या मुठींवरून तर काहीच ठरवू नये, कारण दोर कुजतो आणि पुन्हा पुन्हा बदलला जातो.

आता बंदूक. लोखंडी भाग जिथे दस्त्याला मिळतो तिथल्या सॉकेटच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष आणि मॉडेल अशा क्रमाने ठसे असतात. जी. आर. म्हणजे पाचवे जॉर्ज. एनफिल्ड हा इंग्लंडमधील सरकारी कारखाना. आणि ‘शॉर्ट एल. ई. थ्री स्टार’ म्हणजे आखूड ली-एनफिल्डच्या १९०७ च्या तिसऱ्या मार्कची, म्हणजे तिसऱ्या नमुन्याची, १९१६ पासूनची सोपी आवृत्ती. युद्धामुळे उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी बाजूच्या लांब पल्ल्याच्या दृष्टी आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बंद करणारी पट्टी काढून टाकली गेली. टांगाची लढाई नोव्हेंबर १९१४ मध्ये झाली. तिथे तिसऱ्या ग्वाल्हेर इन्फन्ट्रीच्या तुकड्या खरोखर होत्या, त्यामुळे पणजोबांच्या सेवेविषयीची आठवण खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण १९१७ मध्ये बनलेली बंदूक १९१४ च्या लढाईत असू शकत नाही. शिवाय सैनिकाची रायफल त्याच्या मालकीची नसते. तिचा क्रमांक नोंदवहीत असतो आणि पलटण परतली की ती जमा होते.

सॉकेटवर आपल्याला मुकुटाहून वेगळा एक छोटा बाण आणि त्याखाली एक उभी रेघ दिसली असेल. ती रेघ म्हणजे इंग्रजी ‘आय’ हे अक्षर, आणि दोन्ही मिळून भारत सरकारच्या मालकीची खूण होते. म्हणजे एनफिल्डहून निघालेली ही बंदूक ब्रिटिश सैन्याऐवजी, किंवा त्याच्यानंतर, भारताच्या सरकारी साठ्यात आली. बंदूक बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यातच बनली असती, तर जी. आर. ऐवजी जी. आर. आय., म्हणजे राजा व सम्राट, अशी अक्षरे आणि इशापूर हे नाव दिसले असते. स्वातंत्र्यानंतरच्या बंदुकींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात.

आपल्या बंदुकीची खरी गोष्ट मात्र तिच्या पोटात आहे. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवलेला आहे, आणि आपण टॉर्च लावून पाहिल्यावर नळीच्या आत पिळाचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) दिसत नाहीत असे लिहिले आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की हे नुसते .३०३ रायफलचे (हा आकडा म्हणजे नळीचे इंचांतले माप) उदाहरण राहत नाही. इशापूरमध्ये जुन्या, झिजलेल्या रायफलींच्या नळ्या कोरून गुळगुळीत .४१० च्या मस्केट केल्या जात, एका वेळी एकच गोळी भरता यावी म्हणून मॅगझिन बंद केले जाई, आणि अशी हत्यारे पोलीस, तुरुंग व पहारेकरी यांना मिळत. त्यांची काडतुसेही .३०३ चीच कवचे सरळ ठेवून केलेली होती, त्यामुळे आज बाजारात मिळणारे .४१० चे साधे काडतूस तिच्यात घालायचा विचारही करू नये. नळीवरचा क्रमांक आणि रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावरचा, क्रमांक एकच असल्याचे आपण लिहिले आहे, तेही याच्याशी जुळते: नळी बदललेली नाही, तीच आतून मोठी केली. बोल्टच्या दांड्यावर मात्र वेगळा आकडा आहे. बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा असेल तर काडतुसाच्या मागची फट बरोबर राहतेच असे नाही, आणि ही एकच गोष्ट ती न चालवण्यास पुरेशी आहे.

दस्त्यावर पितळी चकती नाही, म्हणून पलटणीचे नाव खोडून टाकले असावे, अशी शंका आपण व्यक्त केली आहे. तसे नाही. पूर्वी या चकतीवर पलटण आणि बंदुकीचा क्रमांक कोरत, पण युद्धकाळात ती बसवणेच बंद झाले. १९१७ च्या दस्त्यावर चकती नसणे ही नेहमीची बाब आहे. त्याउलट दस्त्याच्या तळाच्या लोखंडी पट्टीची वरची जीभ जरूर पाहावी. पोलीस खात्याचा किंवा कोठीचा क्रमांक मारलेला असेल, तर तो बहुधा तिथेच सापडेल, आणि आपल्या छायाचित्रांत नेमका तोच भाग कापडाखाली आहे.

मग पेटीवरचा संवत १९१६-१७ चा आणि बंदुकीवरचे वर्ष १९१७, हा योग कसा? मी तो योगायोगच मानतो. अशी जुळणी दिसली की दोन्ही वस्तू एकत्र आल्या असाव्यात असा मोह होतो, आणि घरातल्या गोष्टी अशाच जुळणीवर पोसल्या जातात. पण १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार देण्याचे धोरण होते: गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा इकडे स्नायडर, आणि तिकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा इकडे मार्टिनी. संस्थानांच्या फौजांना बहुधा त्याहूनही मागचे मिळे. १९१७ मध्ये फ्रान्स आणि मेसोपोटेमियात रायफली कमी पडत असताना, नुकतीच बनलेली एनफिल्ड संस्थानच्या शिलेखान्यातल्या जुन्या पेटीत जाऊन बसण्याचे काही कारण दिसत नाही. पेटी आली शिलेखान्यातून. बंदूक आली बऱ्याच पुढे, मस्केट झाल्यावर, बहुधा पहाऱ्याच्या कामातून. आजोबांपैकी कुणी पोलीस, तुरुंग, खजिना किंवा एखाद्या गिरणीच्या पहाऱ्यावर होते का, हे घरात विचारून पाहावे. मोठी पेटी रिकामी होती, लांब वस्तू तिच्यात ठेवली, इतका साधा हिशेब असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते.

ग्वाल्हेरातल्या जुन्या घरांतून अशा वस्तूंविषयी विचारणा येत राहते, त्यामुळे आपल्या नातेवाइकांकडे असलेल्या ठासणीच्या बंदुकीबद्दलही दोन शब्द. कुलपाच्या, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ असेल तर ती लंडनच्या टॉवरमधील सरकारी शस्त्रखात्याशी संबंधित, आणि मुकुट धरलेला उभा सिंह असेल तर ईस्ट इंडिया कंपनीची, तीही १८०८ नंतरची. त्याआधी कंपनी हृदयाच्या आकारात चार भाग करून आपली अक्षरे मारत असे. या दोन्ही खुणांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. पितळी डब्यांवर आणि ‘राम दरबार’ नाण्यांवर कंपनीचे नाव आणि १८१८ वगैरे साल मारून विकणाऱ्यांनी बंदुकाही सोडलेल्या नाहीत. खैबरच्या डोंगरातल्या कारागिरांच्या बंदुका तर उत्तम काम करतात, पण त्यांच्या ठशांना इतिहास ठाऊक नसतो: राणी व्हिक्टोरियाची अक्षरे व्ही. आर., आणि खाली वर्ष १९०५. राणी १९०१ मध्येच वारली होती. अक्षरे उलटी, मुकुट वाकडा, एनफिल्ड शब्दात एखादे अक्षर गायब, ही त्यांची ठरलेली लक्षणे आहेत. देवनागरी ठशांबाबत मात्र घाई करू नये. देवनागरीत अक्षरे आणि संवत असलेली मार्टिनी किंवा ठासणीची बंदूक संस्थानी असेलच असे नाही. नेपाळच्या कोठारांतल्या बंदुकींवरही देवनागरी खुणा आहेत, आणि तिथला मोठा साठा २००३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतल्यापासून त्या जगभर फिरत आहेत. आणि ठासणीच्या बंदुकीत सव्वाशे वर्षांची भरलेली दारू तशीच असू शकते. गज नळीत घालून त्याची आत गेलेली लांबी नळीच्या बाहेरून मोजलेल्या लांबीशी ताडून पाहावी. दोन-तीन इंच कमी भरली तर कुणी तिला ठोकू-खरवडू नये.

साफसफाईबद्दल आपण विचारले आहे. दसऱ्याच्या हळदीकुंकवाचे आणि तेलाचे जाड पुट मुकुटाच्या ठशात बसलेले आहे, म्हणून त्या भागातली अक्षरे फोटोत अर्धीच दिसतात. ते काढण्यासाठी पॉलिश पेपर, चिंच किंवा भांडी घासायची पावडर वापरू नये. शिवणयंत्राचे पातळ तेल कापसाने लावून रात्रभर ठेवावे, सकाळी मऊ कापडाने टिपावे, आणि खाचेत राहिलेला गाळ बांबूच्या टोकदार काडीने हळूच उचलावा. हे दोन-तीनदा करावे लागेल. नंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी तिरका धरून फोटो काढावा, आणि पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासून ठसा उतरवावा. कॅमेऱ्याला न दिसणारे अंक कागदावर उमटतात. पेटीवरचा रंग मात्र खरवडू नका. झाकणावर आपण पत्रात सांगितलेल्या हिरव्या रंगाखाली काळ्या अक्षरांचा आणखी एक थर दिसतो. तो ओल्या कापडाने धुळीपुरता पुसावा आणि तसाच ठेवावा, कारण ‘नं. १२’ च्या खालचे अक्षर हेच पेटीच्या पहिल्या घराचे नाव असण्याची शक्यता आहे.

कायदा असा. १९५९ चा शस्त्र कायदा जुन्या नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना कलम ४५ मध्ये काही सूट देतो, पण अट कडक आहे: दुरुस्ती करून किंवा न करता, ते बंदूक म्हणून वापरण्याजोगे नसावे. आपली मस्केट दिसायला निकामी असली, तरी बोल्ट आणि नळी जागेवर असल्याने तिला ही सूट मिळेल असे गृहीत धरू नये. .३०३ ही लष्करी, प्रतिबंधित कॅलिबर आहे आणि बाहेरून तिच्यावर एनफिल्डचेच ठसे आहेत, म्हणून कागदाविना ती घरात असणे आपल्याला महागात पडू शकते. कायद्याच्या कलम २१ नुसार असे हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते, आणि वारसाला परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत अर्ज करता येतो. आधी घरातल्या जुन्या कागदांत आजोबांच्या परवान्याची वही, पावती किंवा लिलावाची चिठ्ठी शोधा, मग वकिलासोबत लेखी अर्ज द्या, आणि बंदूक कधी व कशी न्यायची हे तिथूनच ठरू द्या. विकण्याचा विचार असेल, तर १०० वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. पेटीलाही हा नियम लागू आहे. पैशांच्या दृष्टीने माझ्या मते पेटीच अधिक मोलाची आहे. संस्थानच्या शिलेखान्याचा क्रमांक, संवत आणि मूळच्या खाचा एकत्र असलेली पेटी सहसा मिळत नाही, आणि ती एखाद्या वस्तुसंग्रहालयाला देण्याचा विचार झाला तर छायाचित्रांसह लेखी नोंद आधी करून घ्यावी.

राहिली संगीन. तिच्या पात्याच्या मुळाशी मुकुट, जी. आर. आणि १९०७ असे आकडे आहेत म्हणून ती बंदुकीपेक्षा दहा वर्षांनी जुनी, असा आपला समज झाला आहे. त्या जातीच्या संगिनींवर सर्रास १९०७ असते. ते नमुना मंजूर झाल्याचे वर्ष आहे. बनवल्याचे, म्हणजे तपासणीचे, वर्ष त्याच्या खाली महिन्यासह दोन आकड्यांत असते, आणि कारखान्याचे नाव त्याच्या जवळ. सतरा इंचांचे पाते असेल तर मूळ नमुना, बारा इंचांचे असेल तर नंतरची हिंदी आवृत्ती. तो खालचा आकडा गंजाखाली आहे. तेल लावून एक रात्र थांबलात तर दिसेल.